झोप न येणाऱ्यांनी आत यावे

समजा, तुम्हाला एक काम दिलंय. काष्टीला जायचं, तिथल्या बौद्धवस्तीतल्या बँडपथकाला एकत्र बसवायचं आणि एड्सबद्दल बोलायचं. हे लोक लगीनसराईत महिनेच्या महिने घराबाहेर असतात, टेम्पोत झोपतात, ढाब्यावर जेवतात. रोग कसा होतो आणि कसा होत नाही, हे त्यांना समजेल असं सांगायचं. मग पिशवीतून निरोध काढून तो कसा वापरायचा ते दाखवायचं. तुम्ही बाई आहात, तिशीही गाठलेली नाही, आणि समोरचे निम्मे लोक तुमच्या सासऱ्यांच्या वयाचे. एवढं सगळं पार पडलं, की त्यांच्यापैकी एखाद्याने आपणहून पुढे येऊन म्हणायला हवं, "माझं रक्त तपासा."

सुरुवात कशी कराल?

एंजेला उजागरेने सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात ती ढोलाच्या टिपरूपासून केली. निरोध दाखवायला तिच्या संस्थेने लाकडी नमुना दिला होता. तो ती श्रीगोंद्याहून येताना एसटीतच विसरली. समोर ढोल होता, ढोलावर टिपरू होतं. तिने ते उचललं आणि न अडखळता सगळं समजावून सांगितलं. पथक परीक्षेला बसल्यासारखं बघत होतं. तिचं बोलणं संपलं तसा ढोलवाला कानिफनाथ उठला.

"सिस्टर, समजलं सगळं. पर आता ह्या टिपरूनं मी कोनाच्या लग्नात वाजवू?"

सगळे हसले, एंजेलाही हसली. हसता येणं हीच तिची मोठी शिदोरी होती. वडील राहुरीकडच्या एका खेड्यात चर्चची घंटा वाजवायचे आणि इतर वेळी दुसऱ्याच्या रानात राबायचे. पोरीने नर्सिंग केलं, काही वर्षं शस्त्रक्रियेच्या खोलीत हत्यारं उकळली, बोळे मोजले. इमॅन्युएलशी लग्न झालं. तो श्रीगोंद्याला शाळेत शिक्षक, म्हणून ती श्रीगोंद्याला आली आणि या संस्थेत लागली. गावकुसाबाहेरच्या बौद्ध आणि ख्रिस्ती वस्त्यांपर्यंत एड्सची माहिती पोचत नाही, ती पोचवायची, असं कामाचं स्वरूप होतं.

दुसऱ्या बैठकीत तिने एक चूक केली. ती तिच्यासारख्या मुलीनेच करावी.

तिच्या गावी दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरे आणि तिथे साक्ष द्यायची पद्धत होती. माणूस उभा राहतो आणि आपल्या आयुष्यात काय घडलं, मनात काय सलतंय, ते सगळ्यांसमोर सांगतो. तिच्या चुलतीने एकदा सासूवरचा राग सासू समोर बसलेली असताना सांगितला होता, आणि सासूनेही डोळे पुसत 'आमेन' म्हटलं होतं. माणसाच्या मनातलं बाहेर काढायचं तर त्याला उभं करावं, एवढं एंजेलाला पक्कं ठाऊक होतं.

म्हणून ती म्हणाली, "आज मी नाही बोलणार. एकेकाने उभं राहा आणि या रोगाबद्दल मनात काय आहे ते सांगा."

आता, दर वर्षी जयंतीला भाषणं करत मोठी झालेली ही वस्ती. उभं राहून बोलायचं म्हटल्यावर पहिल्या गड्याने शर्टाची गुंडी लावली, घसा साफ केला आणि सुरुवात केली, "अध्यक्षस्थानी विराजमान आदरणीय एंजेलाताई, विचारमंचावरील मान्यवर आणि माझ्या तमाम बंधूंनो..." विचारमंच म्हणजे ढोलाची उलटी घातलेली पेटी. तीवर एंजेला एकटीच बसली होती. दुसऱ्याने या रोगाचा संबंध थेट अमेरिकेशी जोडला. तिसऱ्याने शिक्षणाशिवाय तरणोपाय नाही हे टेबल नसताना टेबल आपटून सांगितलं. कानिफनाथाने दोन शेर म्हटले, त्यांना वन्समोर मिळाला. शेवटी पथकाचे प्रमुख रखमाजी मास्तर आभाराला उठले आणि कार्यक्रम संपला. स्वतःबद्दल कुणी एक अक्षर काढलं नव्हतं.

एकच जण उठला नाही. मास्तरांचा पुतण्या, क्लॅरिनेट वाजवणारा प्रवीण ससाणे. "मला बोलता येत न्हाई," असं म्हणून तो खाली बघत राहिला. त्यावर हशा पिकला, कारण मागच्या जयंतीला भाषणाचं पहिलं बक्षीस त्यानेच पटकावलं होतं.

मास्तर एंजेलाला सोडायला स्टँडपर्यंत आले. रखमाजी ससाणे म्हणजे ताठ मानेचा माणूस. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा ऐन विशीत होते. बापाने हलगी खुंटीवरून काढून जाळली, तेव्हा यांनी ठरवलं, वाजवायचं तर पितळी वाद्य वाजवायचं, आणि ज्याला हवं त्याने येऊन सुपारी द्यायची. तो माणूस त्या दिवशी रस्त्यात थांबून म्हणाला, "सिस्टर, आमच्या प्रवीणकडं जरा बघता का?"

"काय झालंय त्याला?"

"तेच तर कळंना. मिरजगावची सोयरीक हाय. माधुरी. बारावी झालेली, गुनाची पोरगी. दोनदा तारीख धरली, दोनदा ह्यानं मोडली. झोपत न्हाई, जेवत न्हाई. मे महिन्यात शेवटच्या वरातीत क्लॅरिनेट असं फाटलं का लोक म्हनले, गडी प्यालाय. आता प्वार च्याच्या पल्याड कशाला शिवत न्हाई, तुमाला सांगतो."

"मग?"

"आमच्यात रीत हाय. पथकातल्या पोराचं लगीन असलं का नवरदेव आधी सोता एक धून वाजवतो, मग लग्नाला बसतो. हा म्हनतो, वाद्याला हात लावनार न्हाई आन् लगीन बी नको. तिसरी तारीख मोडली तर मिरजगाववाले दुसरीकडं बघतील. त्यांचं तरी काय चुकलं?"

एंजेलाने मान हलवली. झोप आणि सोयरीक हे तिच्या कामात बसत नव्हतं. तरी बस येईपर्यंत तिच्या डोळ्यांसमोर खाली बघणारा प्रवीणच होता.

दसऱ्याच्या आधी पथकाचा एक मोठा दिवस असतो. धम्मचक्र दिनाच्या मिरवणुकीसाठी सगळी वाद्यं बाहेर निघतात, सुटी होतात, आणि पितळ चिंच आणि राखेने घासलं जातं. एंजेला त्या दिवशी सहज म्हणून आली होती. रिकामं काय बसायचं, म्हणून तिनेही एक कर्णा मांडीवर घेतला आणि चिंचेचा गोळा हातात.

तिथे तिला जे ऐकायला मिळालं ते दोन बैठकांत मिळालं नव्हतं. प्रत्येकाची नजर पितळावर. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, आणि म्हणून सगळे बोलत होते. एकाने बायको माहेरी गेल्याचं सांगितलं. एकजण वाजवायच्या आधी घेतलेली दारू आता सुटत नाही म्हणाला. कुणी उपदेश केला नाही. "जरा राख सरकव," एवढंच म्हणाले. एंजेलाला वाटलं, आपण माणसांना उभं करत होतो, त्यांना खाली बसवून हाताला काम द्यायला हवं होतं.

तेवढ्यात प्रवीण क्लॅरिनेटची पेटी ठेवून जायला लागला. मास्तरांनी पेटी उघडली आणि तोंडात धरायचा भाग बाहेर काढला. काळाभोर असायचा तो हिरवट पिवळा पडला होता, कडेला वाकला होता.

"उन्हात टाकलंस का काय रं?" मास्तर ओरडले.

एंजेलाच्या नाकाला गंधकाचा वास आला. तो वास तिच्या ओळखीचा होता. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने कडक काळ्या रबराचा एक भाग हत्यारांबरोबर उकळायला टाकला होता. तो असाच निघाला होता, हिरवट, वाकडा, असाच वासाचा. मग चहा आला. प्रवीणने खिशातून स्वतःचा स्टीलचा पेला काढला, त्यात चहा ओतून घेतला आणि लांब जाऊन प्यायला.

ती सगळ्यांसमोर काही बोलली नाही. निघताना म्हणाली, "प्रवीण, स्टँडपर्यंत चल माझ्याबरोबर."

वस्ती मागे पडल्यावर तिने विचारलं, "किती उकळलंस ते?"

तो थबकला. मग चालता चालता म्हणाला, "पानी निम्मं आटंस्तवर."

"कशासाठी?"

"नितीन शिकतोय माझ्याकडं. धाकटा भाऊ. क्लॅरिनेट एकच हाय. माझ्या तोंडातलं त्याच्या तोंडात जातं."

"अरे, तोंडाने होत नाही हा रोग. वाद्याने नाही, पेल्याने नाही. मी सांगितलं होतं की."

"सांगितलं हुतं. दिवसा पटतं, ताई. रात्री पटत न्हाई."

दोन वर्षांपूर्वी लांबच्या लग्नाहून परत येताना टेम्पो हायवेला थांबला होता. तो एका बाईकडे गेला होता. एकटा नव्हता, कुणीतरी हाताला धरून नेलं होतं, पण गेला होता. तेव्हापासून सर्दी झाली तरी त्याला तेच वाटे. एंजेला म्हणाली, रक्त तपासू, म्हणजे एकदाचं कळेल.

"आनि निघालं तर? मग मी काय करीन, मला माझा भरवसा न्हाई."

हे तो अगदी शांतपणे म्हणाला आणि एंजेला घाबरली. सुई टोचायला तिला येत होती. सुई टोचल्यापासून निकाल येईपर्यंत या पोराला कोण धरून ठेवणार, ते तिला कुणी शिकवलं नव्हतं.

नगरचे डॉक्टर भिंगारदिवे मनाच्या आजारांचे डॉक्टर होते आणि त्यांना शेळ्यांचा नाद होता. दर शनिवारी ते काष्टीच्या बाजारात असत. एंजेलाने त्यांना तिथेच गाठलं. ते एका शेळीचे दात बघत होते.

"डॉक्टर, दर शनिवारी दोन तास मला द्या."

"आधी ही शेळी ठरू दे. आणि माझ्याकडे येणार कोण? माझी पाटी दिसली की लोक रस्ता बदलतात. वेड्यांचा डॉक्टर म्हणतात मला."

"माझीही पाटी बघून तेच करतात. म्हणून दोघांची मिळून तिसरीच पाटी लावायची."

संस्थेच्या पुण्यातल्या साहेबांना तिने बाजारातल्या फोनच्या टपरीवरून फोन लावला. साहेब म्हणाले, झोप हा आपला विषय नाही. एंजेला म्हणाली, "साहेब, तुम्हाला तपासणीला माणसं हवीत ना? ती या दारातून येतील. दार मी उघडते, आकडे तुम्ही लिहा." साहेब हसले, आणि हसले म्हणजे हो म्हणाले असं तिने धरलं.

बाजाराच्या कडेला समाजमंदिराची एक खोली मास्तरांनी मिळवून दिली. तिच्यावर पाटी लागली: 'झोप न येणाऱ्यांनी आत यावे'. आत पुढच्या भागात डॉक्टर, पडद्यामागे एंजेला. डॉक्टर झोपेचं विचारणार, झोप कशाने उडाली ते ऐकणार. ज्याचं कारण पडद्यामागचं असेल त्याला आत पाठवणार. बाहेरच्याला कळायचं नाही, कोण कशासाठी आलंय.

पहिल्या शनिवारी रांग बाजारात शिरली. काष्टीत एवढ्या लोकांना झोप येत नाही हे कुणालाच माहीत नव्हतं.

एक आजी म्हणाल्या, "मला येती झोप. पर ह्यांच्या घोरन्यानं जाती."

"मग ह्यांना पाठवा," डॉक्टर म्हणाले.

"ते कशाला येत्यात? ते झोपल्यात."

शेळ्यांच्या व्यापाऱ्याला डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाचा चहा किती?" "जेवढी गिऱ्हाइकं तेवढा," तो म्हणाला. त्याचा रोग तिथेच सापडला. पण त्याच रांगेत जिचा नवरा मुंबईहून आजारी होऊन आला होता अशी एक बाई होती, आणि एक ट्रकचा क्लीनर होता, आणि ते दोघेही पडद्यामागे जाऊन रक्त देऊन गेले. एड्सच्या पाटीखाली ते जन्मात आले नसते.

तिसऱ्या शनिवारी रखमाजी मास्तर रांगेत दिसले. पुतण्याच्या काळजीने त्यांची झोप उडाली होती. त्यांच्या मागे, चार माणसं सोडून, प्रवीण उभा होता. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तू बी?" मास्तर म्हणाले.

"तुमी बी?"

"तुझ्यामुळंच," मास्तर म्हणाले आणि पुढे सरकले.

डॉक्टर प्रवीणशी काही शनिवार नुसतं बोलले. झोपेची एक लहान गोळी दिली. तो थोडा सावरल्यावर एंजेलाने रक्त घेतलं आणि नगरला पाठवलं. मधल्या आठवड्यात ती दोनदा कामाचं निमित्त काढून वस्तीत जाऊन आली. निकाल आला. रक्तात काही नव्हतं. एंजेलाला वाटलं, आता हा आनंदाने उडी मारेल.

प्रवीणने कागद उलटसुलट करून बघितला. "बाटली बदलली नसंल कशावरून?"

त्या रात्रीही तो झोपला नाही. पुढच्या शनिवारी म्हणाला, पुन्हा तपासा. एंजेला सुई काढायला निघाली तर डॉक्टरांनी पडद्याआडून आत डोकावून तिला थांबवलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यानंतर पुन्हा काही नाही, म्हणजे एक तपासणी पुरेशी होती. दुसरी केली तर त्याच्या भीतीला खुराक मिळाला असता.

"औषध लिहून देतो," डॉक्टर प्रवीणला म्हणाले. "रोज पथकाच्या पेल्यातून एक चहा. सगळे पितात त्यातून. आणि क्लॅरिनेट तू वाजवायचं, मग नितीनने, मधे पुसायचं नाही."

"आनि त्याला काय झालं तर?"

"तर मी शेळ्या विकून तुमच्या पथकात झांजा वाजवीन."

पहिल्या दिवशी पेला तोंडाशी नेताना त्याने निम्मा चहा सांडला. कानिफनाथ म्हणाला, "नवरदेवाला आत्तापासून घाम फुटला." कारण ठाऊक नसताना पथक हसलं, आणि त्या हसण्यात प्रवीणने उरलेला चहा पिऊन टाकला. उन्हाळा येईतो तो रात्री झोपायला लागला होता. पुण्याहून मास्तरांनी क्लॅरिनेटचा तोंडात धरायचा नवा भाग आधीच आणून दिला होता.

माधुरीला सांगायचं मात्र राहिलं होतं. एंजेलाने त्याला सांगितलं, ते तूच सांगायचं, मी फक्त जवळपास उभी राहीन. एका शनिवारी माधुरी आईबरोबर काष्टीच्या बाजाराला आली. मास्तरांनी आईला रसाच्या गाड्यावर बसवून ठेवलं, आणि एंजेला बांगड्यांच्या दुकानात उगाच हिरव्या लाल बांगड्या उचलत राहिली. प्रवीण बोलला. माधुरी ऐकत राहिली. एंजेलाच्या हातून तीन बांगड्या फुटल्या.

"दोनदा तारीख मोडली," माधुरी शेवटी म्हणाली. "घरी मी काय काय ऐकलं ते तुमाला ठावं न्हाई. मला वाटलं, माझा रंग आवडला नसंल."

प्रवीणने मान खाली घातली.

"वर बघा. कागद कुठाय?"

त्याने दिला. तिने तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, घडी घालून परत केला आणि म्हणाली, "मी बी तपासून घेते. म्हंजे पुढं कोनी कोनाला बोलायला नको."

हे एंजेलाला सुचलं नव्हतं. बांगड्यांचे पैसे देऊन ती तिला सरळ पाटीच्या खोलीत घेऊन गेली.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात मिरजगावला लग्न झालं. प्रवीण पांढऱ्या कपड्यांत, माधुरी पांढऱ्या साडीत. एंजेला इमॅन्युएलला घेऊन आली होती. डॉक्टर भिंगारदिवे वधूच्या मामाशी शेळ्यांबद्दल बोलत होते. रीतीप्रमाणे प्रवीणने क्लॅरिनेट हातात घेतलं, मांडव गप्प झाला, आणि पहिलाच सूर फाटला.

मास्तरांचा चेहरा पडला. मागून कुणीतरी म्हणालं, "झालं का सुरू पुन्हा?"

प्रवीणने क्लॅरिनेट तोंडातून काढलं आणि शेजारी उभ्या असलेल्या भावापुढे धरलं. "बघ रं, पत्ती नीट बसली का?"

नितीनने ते तोंडात धरलं, फुंकलं, तोंडात धरायच्या भागावरची वेताची पातळ पत्ती जराशी सरकवली, पुन्हा फुंकलं आणि परत दिलं. प्रवीणने ते न पुसता तोंडाला लावलं आणि वाजवायला लागला.

मांडवातल्या लोकांनी फक्त धून ऐकली. माधुरीने हसून खाली बघितलं. डॉक्टरांनी शेळीचा विषय अर्ध्यात सोडून एंजेलाकडे बघितलं. इमॅन्युएलने विचारलं, "रडतेस का?" ती म्हणाली, "क्लॅरिनेट चांगलं वाजवतोय ना, म्हणून."

जेवणं झाल्यावर कानिफनाथ घाम पुसत तिच्याजवळ येऊन बसला. त्याच्या आईने मढीच्या यात्रेत कानिफनाथाला नवस बोलून त्याला मागितला होता. त्यामुळे घरात बुद्धवंदना आणि नाव कानिफनाथ, यावरून तो स्वतःच सगळ्यांना हसवायचा. आजही त्याने ढोल असा वाजवला होता की म्हातारे नाचले.

"कसं वाजलं, सिस्टर?"

"टिपरू तेच का?"

"त्येच. लई पवित्र झालंय ते." तो खळखळून हसला आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "प्रवीणचं बरं केलंत तुमी. माझ्यामुळंच बिघडलं हुतं बेनं. मीच नेलं हुतं त्याला हायवेला, हाताला धरून. त्याच्या मनाला लागलं. आपल्याला कशाचं काय न्हाई. मी तर दर साली..." तो थांबला आणि उरलेलं वाक्य हाताने उडवून दिलं.

एंजेला त्याच्याकडे वळली. "कानिफ, एका शनिवारी ये की खोलीवर. रक्त तेवढं बघू."

"मी?" त्याला खरंच नवल वाटलं. "अवो, तुमीच लिवलंय ना, झोप येत न्हाई त्यानं यावं. मला तर पाठ टेकली का लागती. किल्लारीचा भूकंप झाला त्या पहाटं सगळी वस्ती मैदानात हुती, मी एकटा घरात घोरत हुतो. बायकोला इचारा."

कुणीतरी हाक मारली, तसा तो ढोल खांद्याला अडकवत उठला. वरात निघायची होती. एंजेला त्याच्या पाठीकडे बघत राहिली. घाबरलेल्या माणसाला आत आणणारं दार तिने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, आणि त्याच दारावरचं वाक्य वाचून हा माणूस हसत पुढे निघून गेला होता.

परतीच्या बसमध्ये इमॅन्युएल डुलक्या घेत होता. एंजेला खिडकीशी बसून पाटीवर लिहिता येतील अशी वाक्यं मनात जुळवत आणि खोडत राहिली. मिरजगाव मागे गेलं, श्रीगोंदा जवळ आलं. रात्रभर निवांत घोरणाऱ्या माणसासाठी पाटीवर काय लिहायचं?